आमच्या गाण्यातलं पानी

थंडी आली की वसईत माइक तपासण्याचा हंगाम सुरू होतो. संध्याकाळी वाडीच्या बांधावर उभं राहिलं की चारी दिशांनी "हॅलो, हॅलो, चेक, चेक" ऐकू येतं. एकीकडे कुणाच्या हळदीचा मांडव घातलेला असतो, दुसरीकडे चर्चच्या आवारात नाताळच्या नाटकाची तालीम चाललेली असते. तिसरीकडे मैदानात क्रिकेटचे सामने असतात आणि त्या सामन्यांवर बोलणारा, स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडलेला एखादा निवेदक असतो. हवा कोरडी झालेली असते. केळीची पानं स्वस्थ असतात. त्यामुळे आवाज लांबून येतात, पण धुतल्यासारखे स्वच्छ येतात.

परवा अशाच एका संध्याकाळी मी वालाच्या वाफ्यांना पाणी देत होते आणि पलीकडच्या मांडवातून एक गाणं आलं. त्यात ढोलकी घातली होती, मधूनमधून शिट्या होत्या आणि चाल इतकी पळवली होती की गाणाऱ्याचा गळा चिमणीसारखा झाला होता. बायका नाचत असाव्यात, कारण हसण्याच्या लाटाही येत होत्या. मी नळी हातात धरून तशीच उभी राहिले आणि एकाच वाफ्यात पाणी साचत गेलं. या गाण्याचा हा तिसरा जन्म होता. पहिला माझ्यासमोर झाला होता, आमच्याच वाडीत. दुसऱ्या जन्माच्या वेळी आमच्यात जे रुसवेफुगवे झाले ते सगळे मी पाहिले होते. तो हिवाळा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

आमचं गाव होळी. बाहेरच्या माणसाला नाव सांगितलं की तो रंगांबद्दल बोलायला लागतो, म्हणून आम्ही नुसतं 'वसई' सांगून मोकळे होतो. वाडीच्या टोकाला पंपाची एक खोली आहे. तिथे माझे बाबा राजेळी केळ्यांचे घड पिकत घालायचे. ती केळी पिकली की सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची. त्यामुळे थंडीभर त्या खोलीला एक गोड, जरा आंबूस वास असायचा. माझा चुलतभाऊ सुहास त्या खोलीत आपला ड्रमसेट घेऊन आला तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं, "वाजवा. पण माझ्या एका घडाला धक्का लागला तर तुझी पिंपं विहिरीत जातील."

सुहासच्या मागून त्याचे तीन मित्र आले. नालासोपाऱ्याचे दोघे भाऊ, त्यांतला एक बास गिटार वाजवायचा आणि दुसरा साधी. आणि पाचूबंदरचा नेविल. नेविल गायचा, गाणी लिहायचा आणि गाताना डोळे इतके घट्ट मिटायचा की जणू कुणी त्याच्या तोंडावर पाणी मारणार आहे. बँडचं नाव होतं 'रविवारचे कपडे'. लहानपणी नेविल प्रार्थनेहून आला की त्याच कपड्यांवर खेळायला पळायचा आणि त्याची आई दारातून ओरडायची, "अरे, ते रविवारचे कपडे हाय!" त्या ओरडण्यातून बँडचं नाव निघालं.

ते जे वाजवायचे त्याला पॉप-पंक म्हणतात, हे मला सुहासने सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं की गिटारला तीनच सूर पुरतात, ड्रम धावत सुटतात, गाणारा कशावर तरी चिडलेला असतो आणि तरीही चाल अशी असते की दुसऱ्यांदा ऐकताना आपणही ओरडायला लागतो. सुरुवातीला ती पोरं परदेशी बँडची इंग्रजी गाणी वाजवायची. मग एका संध्याकाळी नेविलने स्वतःचं गाणं काढलं. त्याच्या गावात तिन्ही बाजूंनी समुद्र, पावसात घरात गुडघाभर पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही. त्यावरचं ते गाणं.

"दारी पानी, अंगनी पानी, हंड्यात माझ्या कुठंय पानी."

मासेमारीच्या गावांत 'ण' नाही. पाणी नाही, पानी. लोणी नाही, लोनी. नेविलला शाळेत या एका अक्षरासाठी किती वेळा उभं केलं होतं, याची एक वेगळी कहाणी होईल. दहा वर्षं ज्या अक्षरावरून त्याला हसले, तेच अक्षर तो आता पंपाच्या खोलीत छाती फोडून ओरडत होता, आणि सुहास त्या प्रत्येक 'पानी'वर झांज फोडत होता. घडांवरच्या माश्या उडाल्या. बाबा बाहेर नारळ सोलत बसले होते, ते म्हणाले, "हे खरं आहे रे. बोंबलतोय, पण खरं बोंबलतोय."

अंजू त्या दिवशी माझ्याबरोबर होती. अंजू ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. घर पलीकडच्या गावात, वाडीवालेच, फक्त त्यांच्या दारात क्रूस आणि आमच्या दारात तुळस. आम्ही दोघी घरात ज्या बोली बोलतो त्या एकमेकींना अर्ध्याच कळतात, म्हणून आमची मैत्री सगळी शाळेतल्या मराठीत झाली. अंजू पुढे त्याच मराठीची शिक्षिका झाली. ते गाणं संपलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. "मधू," ती मला म्हणाली, "मी रोज वर्गात हेच अक्षर खोडते."

मग आम्ही दोघी आणि आसपासची आणखी काही पोरं-पोरी त्या बँडचे झालो. चाहते हा शब्द आम्हाला लावावा इतके आम्ही जास्त नव्हतो, एका टेम्पोत मावायचो. अंजू आपल्या स्कूटरवर स्पीकर बांधून न्यायची. चर्चच्या पॅरिशमधल्या तरुणांचा कार्यक्रम, कॉलेजचा वार्षिक समारंभ, कुणाच्या तरी मावसभावाचं लग्न, जिथे उभं करतील तिथे पोरं वाजवायची आणि आम्ही समोर एका ओळीत उभे राहून ओरडायचो. एका लग्नात नवऱ्याच्या आजोबांनी कानात कापूस घातला आणि जेवण होईपर्यंत काढला नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नावही 'पहिली रांग' होतं. खरं तर दुसरी रांग कधी नसायचीच.

त्या गाण्याची गंमत अशी की ते ओरडताना आपण कुणाच्या तरी बाजूने आहोत असं वाटायचं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. दिवसभर ऑफिसात सांभाळून बोलायचं, हो म्हणायचं, हसायचं. शनिवारी पंपाच्या खोलीत येऊन 'पानी' ओरडलं की आठवडा अंगावरून धुऊन निघायचा.

आणि मग तो हिवाळा आला.

दिवाळीनंतर नेविल वरचेवर मुंबईला जायला लागला. तिथल्या एका स्टुडिओवाल्याने त्याचा कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. सुहासही दोन-तीनदा जाऊन आला. विचारलं तर म्हणायचा, "काहीतरी चाललंय." सुकेळी वाळत घालायचे दिवस होते. मी आणि आई जाळीखाली केळी मांडत होतो आणि माझ्या फोनवर अंजूचा निरोप आला. त्यात काही लिहिलेलं नव्हतं, फक्त एक गाणं होतं.

आधी पियानो. मग बासरी. मग बराच वेळ काहीच नाही आणि मग नेविलचा आवाज, इतका जवळ आणि इतका हळू की मला वाटलं तो जाळीच्या पलीकडे बसलाय. "दारी पाणी, अंगणी पाणी, हंड्यात माझ्या कुठंय पाणी."

पाणी. अंगणी. दोन्ही 'ण' स्वच्छ, इस्त्री केलेले.

कुठल्याशा वेब मालिकेत एक मुलगी आईचं घर सोडून जाते, त्या प्रसंगाला हे गाणं घातलं होतं. त्यामुळे गाण्यातलं पाणी नळाचं राहिलं नाही, ते डोळ्यांतलं झालं. नाताळच्या आत ते गाणं सगळीकडे पोचलं. रिक्षांत, मेडिकलच्या दुकानात, लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंत. चर्चच्या तरुणांनी येशूजन्माचा गोठा सजवताना तेच लावलं होतं आणि गवताच्या छपराखाली मेंढरं मांडणाऱ्या पोरांना ते पाठ होतं. मालिकेवाल्यांना नाव लांब वाटलं, म्हणून बँडचं नाव नुसतं 'रविवार' झालं. बाकीचे शब्द गळून गेले.

'पहिली रांग' ग्रुपवर जे झालं ते आज आठवलं की हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. एकाने लिहिलं, पोरं विकली गेली. दुसऱ्याने लिहिलं, अरे, गाडी घेऊ दे त्याला, आपण काय देणार होतो, टाळ्या? एक जण म्हणाला, गाणं आता कुठे चांगलं झालंय, आधी नुसता गोंगाट होता. त्याला दोघांनी इतकं सुनावलं की तो ग्रुप सोडून गेला. मग सुनावणाऱ्यांपैकी एकाने नेविलबरोबरचा आपला जुना फोटो सगळ्यांना दिसेल असा लावला आणि खाली लिहिलं, 'आमच्या गल्लीतला'. अंजूने एकच ओळ लिहिली. 'हे आमचं गाणं नाही.'

मला नीट कळत नव्हतं मी कुठल्या बाजूची. गाणं मला आवडलं होतं, हे मी अंजूला सांगू शकत नव्हते. जुनं गाणं माझं कुणीतरी नेलं, असंही वाटत होतं. रात्रीच्या जेवणाला आईने विचारलं, "त्या नेविलचं एवढं नाव झालं आणि तुमची तोंडं का उतरलीत?" आवडती गोष्ट सगळ्यांना आवडावी म्हणून आपण धडपडतो, आणि ती खरंच सगळ्यांना आवडली की आपल्या हातात काय राहतं, हे कुणी आधी सांगत नाही.

सगळ्यांत विचित्र अवस्था सुहासची होती. नव्या गाण्यात ड्रमच नव्हते. मी विचारलं, "मग तू काय करतोस?" त्याने खिशातून एक लाकडी अंडं काढून हलवलं. आत मणी होते, खुळखुळ आवाज झाला. "हे," तो म्हणाला. "आणि शेवटी शेवटी जरा जोरात." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून आधी हसलो. मग तो पंपाच्या खोलीत जाऊन बराच वेळ एकटाच वाजवत बसला. बाबांनी त्या दिवशी घडांची आठवणही केली नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी अंजूने करंज्या आणि केकचा डबा भरला आणि मला म्हणाली, "चल, नेविलच्या आईला देऊन येऊ." मला कळलं की हे भांडायला जाणं आहे. डबा हे निमित्त.

पाचूबंदरला किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. वाऱ्यावर ते हलायचे आणि सगळा किनारा करकरायचा. नेविल घरीच होता, अंगणात जाळं दुरुस्त करणाऱ्या काकाजवळ बसून सुतळी धरून देत होता. आम्हाला पाहून तो उठला, पण नेहमीसारखा धावत आला नाही.

अंजूने डबा त्याच्या आईच्या हातात दिला आणि तिथेच उभ्या उभ्या विचारलं, "पाणी का केलंस?"

नेविलने समजत नसल्याचं नाटक केलं नाही. "बस तरी," तो म्हणाला.

"हळू केलंस, ठीक आहे. पियानो घातलास, तेही ठीक. अक्षर का बदललंस?"

तो पायरीवर बसला. "मी दोन्ही गाऊन दाखवलं त्यांना. पहिल्यांदा आपलं. मग त्यांनी विचारलं, बरोबर कुठलं आहे? काही वाईट नाही बोलले, साधंच विचारलं. आणि अंजू, मी काचेच्या खोलीत कानावर हेडफोन लावून उभा होतो, पण मला वाटलं मी पाचवीच्या वर्गात उभा आहे. माझ्या तोंडून बरोबर ते निघून गेलं. त्यांनी तेच ठेवलं."

तो जरा थांबून म्हणाला, "तू वर्गात काय सांगतेस पोरांना?"

हे त्याने टोचायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण अंजूचा चेहरा असा झाला की मी तिचा हात धरला.

तेवढ्यात त्याची आई आतून चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं असणार, कारण त्या घरात आत आणि बाहेर असं काही वेगळं नाही. ती म्हणाली, "तुमी पोरी रागावू नका. आधी तो गायचा तवा मना त्याचा एक सबूद समजायचा नाय. नुस्ता ढानढान. आता रेडिओवर लागला तर मी हातातला काम ठेवून आयकते. माझा पोरगा काय बोलते ते मना पयल्यांदा समजला."

नेविलने मान खाली घातली. मग तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "आणि मधू, खरं सांगू? मला आता तेवढा राग येत नाही. ते गाणं केलं तेव्हा यायचा. झोपेतसुद्धा यायचा. आता सकाळी उठतो तर नुसतं वाईट वाटतं, कधी कधी तर बरंही वाटतं. मग तुमच्यासाठी खोटं खोटं चिडू का?"

वारा पडला होता. बोंबील करकरायचे थांबले होते. परतताना अंजूने स्कूटर किल्ल्याजवळ थांबवली. "आपण त्याला सांगत होतो ना की तू आहेस तसाच राहा," ती म्हणाली. "पण तो कसा आहे हे विचारलंच नव्हतं." मला वाटलं ती रडेल, पण तिने फक्त नाक पुसलं आणि स्कूटर सुरू केली.

हे सगळं आज लिहिताना मला वाटतं, आपल्या माणसाचं नाव होणं हे मुलगी सासरी जाण्यासारखं असतं. आनंदच असतो तो, पण पंगतीत बसलेल्या माणसांना ज्या चवीचं जेवण लागतं त्या चवीचं घरच्यांना लागत नाही.

जानेवारीत विरारला एका महोत्सवात 'रविवार'चा कार्यक्रम ठरला. मुंबईबाहेरचा पहिला मोठा कार्यक्रम आणि तोही घरी. ग्रुपवर पुन्हा वाद झाले. काहींनी ठरवलं, जायचंच नाही. काहींनी ठरवलं, जायचं आणि जुन्या चालीत ओरडून त्यांचं गाणं बुडवायचं. अंजू म्हणाली, "मी जाणार. ओरडायचं की नाही ते तिथे बघू." नेविलने आम्हाला पुढच्या जागांचे पास पाठवतो म्हणून सांगितलं होतं. ते आलेच नाहीत. बहुधा त्याला वाटलं कुणीतरी पाठवले असतील.

मैदानावर गेलो तर पहिल्या रांगेत पांढऱ्या कापडाचे सोफे मांडले होते. पाहुण्यांसाठी. त्यांच्यामागे लोखंडी कठडा आणि कठड्यामागे माणसं, बघावं तिकडे माणसं. मी आमच्या बँडसमोर इतकी डोकी कधी पाहिली नव्हती. आम्ही रेटत रेटत कठड्यापर्यंत पोचलो. सूर्य नुकताच बुडाला होता आणि आकाश अजून उजळ होतं. मागे कुणीतरी भाजलेल्या शेंगांच्या पुड्या विकत होतं.

अंजूच्या शेजारी एक मुलगी उभी होती. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटणं. थोड्या वेळाने तिने अंजूला विचारलं, "दीदी, हंडा मतलब क्या होता है?"

"घडा," अंजू म्हणाली. "पानी भरने का."

"अच्छा." तिने ते मनात नीट ठेवून दिलं. "मुझे पूरा गाना आता है, बस ये एक वर्ड नहीं पता था. हमारे यहाँ भी पानी एक दिन छोड़ के आता है." मग तिने आपलं नाव सांगितलं, खुशबू. नालासोपारा पूर्वेला राहायची, घरी भोजपुरी बोलायची. अंजूने तिला विचारलं, मग मराठी गाणं कसं आवडलं? ती म्हणाली, "लगा कि हमारे घर का है."

अंजूने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी महिनाभर मनातल्या मनात ज्या नव्या लोकांना शिव्या घातल्या होत्या, त्यांतली एक ही इतकी जवळ उभी होती की तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येत होता.

बँड आला. नेविलने पांढरा सदरा घातला होता. सुहास मागे खुर्चीवर बसला होता, हातात ते लाकडी अंडं. दोन-तीन नवी गाणी झाली, लोक माना डोलवत होते. आमच्यातला एक जण जुन्या चालीत ओरडला, पण त्याचा आवाज पुढच्या सोफ्यापर्यंतही गेला नसेल. मग पियानो सुरू झाला आणि सगळ्या मैदानाने एकदम श्वास घेतला.

नेविल गायला, "दारी पाणी, अंगणी पाणी."

आणि त्याच्याबरोबर ते सगळं मैदान गायलं. मला आधी कळलं नाही काय ऐकू येतंय. मग अंजूने माझं मनगट इतकं दाबलं की नखं रुतली. खुशबू गात होती, "पानी". तिच्या मागचे गात होते, "पानी". नालासोपारा, विरार, कुठून कुठून आलेली ती पोरं, कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या गुजराती, कुणाच्या मारवाडी. आमच्या मराठीचा 'ण' त्यांतल्या अर्ध्याअधिकांना माहीत नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं. नेविल एकटा 'पाणी' म्हणत होता आणि समोरून भरतीसारखं येत होतं ते पानी, पानी, पानी.

दुसऱ्या वेळी त्या ओळीवर तो थांबला. मला वाटलं विसरला. त्याने माइक तोंडापासून जरा दूर धरला आणि नुसतं ऐकलं. त्याने मागे वळून सुहासकडे पाहिलं. सुहास हसत होता, दात दिसेपर्यंत. मग नेविल पुन्हा माइककडे वळला, डोळे अगदी पूर्वीसारखे घट्ट मिटले आणि त्याच हळू चालीत, त्याच पियानोवर गायला, "हंड्यात माझ्या कुठंय पानी."

गाणं पळालं नाही. ड्रम वाजले नाहीत. सुहासने शेवटी शेवटी खुळखुळा जरा जोरात हलवला, एवढंच. पण अंजू रडत होती आणि गात होती, आणि तिचा हात खुशबूच्या खांद्यावर होता. बुडवायला आलेल्यांपैकी कुणीही ओरडलं नाही. आमच्यातला जो सगळ्यांत जास्त चिडला होता, तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता आणि शेंगांच्या धुराला दोष देत होता.

कार्यक्रमानंतर आम्हाला नेविलला भेटता आलं नाही. मंचामागे पहारा होता आणि आम्ही कोण हे त्या पहारेकऱ्यांना सांगण्यासारखं काही आमच्याजवळ नव्हतं. आम्ही विरारच्या रस्त्यावर उभं राहून उसाचा रस प्यायलो. खुशबू आमच्याबरोबर होती. अंजू तिला पंपाच्या खोलीची गोष्ट सांगत होती आणि ती मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती, जणू कुणी रामाच्या काळातली हकीकत सांगतंय.

त्यानंतर जे झालं ते साधंच आहे. सुहासने वर्षभरात बँड सोडला. भांडण झालं नाही. "मला वाजवायचंय, हलवायचं नाही," एवढंच तो नेविलला म्हणाला, आणि नेविलने त्याला मिठी मारली. आता तो लहान मुलांना ड्रम शिकवतो आणि त्या मुलांच्या आया माझ्या काकूकडे तक्रार घेऊन येतात. अंजू अजून शाळेत आहे. तिच्या वर्गात एखादं पोर पानी म्हणालं तर ती सांगते, "लिहिताना पाणी लिही, बोलताना तुझं बोल." यावरून एकदा तिला मुख्याध्यापकांनी बोलावलंही होतं. तिने तिथेही तेच सांगितलं. 'पहिली रांग' ग्रुप आता जवळजवळ निजलेला आहे. लोकांची लग्नं झाली, दोघं कॅनडात गेले, कुणाच्या बाळाचा फोटो येतो आणि त्यावर बदाम पडतात.

बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या दिवसकार्याला नेविल आला होता, मागच्या बाजूला, चपला काढून उभा. त्याला बघायला काही पोरी फाटकाशी जमल्या, तेव्हा त्याने त्यांना हात जोडून शांतपणे परत पाठवलं. निघताना तो पंपाच्या खोलीत गेला. काय केलं माहीत नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांना केळीचा चीक लागला होता.

परवाच्या रविवारी आम्ही वाडीत उकडहंडी लावली. वाल, कंद, रताळी, वांगी सगळं मडक्यात भरून, तोंड पाल्याने बंद करून, जाळावर. सुहास होताच, नेविल आला होता, अंजू आणि तिचा नवरा आले होते, खुशबूही आली होती. खुशबू आता बँकेत आहे आणि मराठी इतकी छान बोलते की मुद्दाम हिंदी बोलायला लावावं लागतं. नेविलने फोन काढला आणि म्हणाला, "एक नवीन केलंय. अजून कुणाला ऐकवलं नाही." लग्नाच्या ब्रास बँडवाल्या म्हाताऱ्यांना घेऊन त्याने काहीतरी केलं होतं. त्यात ट्रम्पेट होते, मध्ये कुणाचं तरी बोलणं होतं, चाल मध्येच मोडायची आणि पुन्हा लागायची. ते हळूही नव्हतं आणि पळतही नव्हतं.

गाणं संपलं. मडक्याखालचा जाळ तेवढा तडतडत होता. मग खुशबू म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "नेविलदादा, हे काय? तुमचं ते हळूवालं होतं ना, तेच खरं होतं. तुम्ही बदललात."

सुहासला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं. मीही खाली बघितलं. नेविलने अंजूकडे पाहिलं, कारण शेवटी त्याला तिचंच मत हवं असतं.

अंजूने मडक्याच्या तोंडावरचा पाला सारून एक कंद काढला, खुशबूच्या ताटात वाढला, त्यावर मीठ भुरभुरलं. "मलाही नाही आवडलं," ती नेविलला म्हणाली.

"बरं," नेविल म्हणाला.

"पुन्हा लाव," अंजू म्हणाली, आणि आम्ही सगळे जरा जवळ सरकून बसलो.